शेवाळी की धुरकट?

भिंतीच्या रंगांच्या शेड कार्डावरचे भडक हिरवे कुणाला फार त्रास देत नाहीत. पोपटी, बाटलीचा हिरवा, मोरपंखी हे एक तर आवडतात नाही तर नावडतात आणि निकाल दोन मिनिटांत लागतो. घोळ होतो तो मधल्या, मवाळ, राखाडी मिसळलेल्या हिरव्यांचा. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन शेड असतात, दोन्ही फिक्या, दोन्ही शांत, नावंही सारखीच गुळमुळीत. घरात चौघांना विचारलं तर दोघं म्हणतात 'एकच तर आहे' आणि उरलेले दोघं हमरीतुमरीवर येतात. दोन्ही बाजूंचं खरं असतं. कार्डावर त्या शेड जवळपास एकच असतात. चार भिंतींवर चढल्यावर मात्र त्या वेगवेगळ्या दिशांना निघून जातात, आणि कोणती कुठल्या दिशेला जाणार हे आधी ओळखता आलं तर निवड सोपी होते.

इथे कामापुरती दोन नावं ठेवू. एक शेवाळी, म्हणजे राखाडी हिरवा पण अंगात पिवळेपणा असलेला. दुसरा धुरकट, तोही राखाडी हिरवाच, पण निळ्याकडे किंचित कललेला. दोघांचा फिकेपणा सारखा धरू, कारण फिकेपणात फरक असला तर डोळा तोच फरक पकडतो आणि छटेतला खरा फरक नजरेआड होतो.

फिकेपणा मोजायचा आकडा बहुतेक कंपन्या देतात. त्याला एलआरव्ही म्हणतात. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत फेकला जातो ते तो सांगतो. निखळ काळा ० आणि निखळ पांढरा १००. मवाळ हिरवे साधारण ३० ते ६५ च्या पट्ट्यात येतात. या पट्ट्यात दोन-तीन अंकांचा फरक वेगवेगळ्या भिंतींवर कुणालाही सांगता येत नाही. १० अंकांचा फरक मात्र खोलीचा स्वभाव बदलतो. नावावर विसंबून हा फरक कळत नाही. २०२२ सालासाठी शेर्विन-विल्यम्स या रंग कंपनीने 'एव्हरग्रीन फॉग' आणि बेंजामिन मूरने 'ऑक्टोबर मिस्ट' असे दोन राखाडी हिरवे त्या वर्षाचे रंग म्हणून जाहीर केले, आणि अनेकांनी ते एकमेकांना पर्याय धरले. पहिल्याचा एलआरव्ही ३०, दुसऱ्याचा ४६ च्या आसपास. अपुऱ्या उजेडाच्या खोलीत पहिला भिंती जवळ ओढतो, दुसरा तसं करत नाही. ही तुलना मुळातच बरोबरीची नव्हती. तेव्हा आधी एलआरव्ही पाहावा. फरक ५ च्या आत असेल तरच पुढच्या बारकाव्यांना अर्थ आहे.

फिकेपणा जुळला की कल शोधायचा. त्यासाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेले आरजीबीचे तीन आकडे. ते स्क्रीनवर रंग बघण्यासाठी फारसे कामाचे नाहीत, पण बेरीज-वजाबाकीला उत्तम. राखाडी हिरव्यात मधला आकडा, म्हणजे हिरव्याचा, सहसा सगळ्यात मोठा असतो. तो सोडून पहिला आणि तिसरा पाहायचा. पहिला (लाल) मोठा असेल तर शेड उबदार, पिवळ्याकडे झुकलेली. तिसरा (निळा) मोठा असेल तर ती थंड. उदाहरण घ्या: १८०-१८६-१६५ हा आपला शेवाळी आणि १७२-१८६-१७९ हा आपला धुरकट. हिरव्याचा आकडा दोन्हीकडे तोच, एलआरव्ही दोघांचाही ४७ च्या जवळपास. फरक आहे तो बाजूच्या दोन आकड्यांत. शेवाळीत लाल निळ्यापेक्षा १५ ने वर, धुरकटात निळा लालपेक्षा ७ ने वर. कार्डावर हे दोन शेजारी ठेवले तर कळतील, पण एक पट्टी पाहून दुसऱ्या दालनात जाऊन दुसरी पाहिली तर तेवढा फरक स्मरणात टिकत नाही. रंगाची आठवण ठेवण्यात आपण सगळेच कच्चे आहोत.

काही कंपन्या लॅब पद्धतीचे आकडे देतात. तिथे एल म्हणजे फिकेपणा, ए उणे असेल तर हिरवा आणि अधिक असेल तर लाल, बी अधिक असेल तर पिवळा आणि उणे असेल तर निळा. दोन हिरव्यांची तुलना करताना बी हाच आकडा बोलका. दोन रंगांमधलं एकूण अंतर डेल्टा-ई या एककात सांगतात. १ च्या आसपासचं अंतर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतं, २-३ असेल तर शेजारी ठेवल्यावर बहुतेकांना दिसतं. शेड कार्डाचा छापील तुकडा आणि डब्यातला रंग यांच्यातसुद्धा तेवढा फरक पडू शकतो. म्हणून दोन शेडमधलं अंतर एवढंसंच असेल तर वाद घालू नये, कोणताही एक घ्यावा आणि कामाला लागावं.

हा कल येतो कुठून, ते डब्यात काय पडतं यावर आहे. दुकानात रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनमध्ये साधारण १२ ते १६ गडद कलरंट, म्हणजे घट्ट रंगद्रव्यं, असतात. पांढऱ्या किंवा फिक्या बेसमध्ये, ज्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य आधीच घोटलेलं असतं, त्यातले तीन-चार मोजून सोडले जातात. शेवाळी छटांचा कणा बहुधा पिवळा ऑक्साइड आणि काळा असतो. लोहाचं पिवळं ऑक्साइड आणि काजळीचा काळा एकत्र केले की हिरवट रंग तयार होतो, हिरव्याचा एक थेंबही न घालता. त्यात थेलो ग्रीन या तीव्र कृत्रिम हिरव्याचा थोडा आधार दिला की झाला शेवाळी. धुरकटात उलटं. तिथे थेलो ग्रीन आणि कधी थेलो ब्लू हेच मुख्य, आणि त्यांचा तोरा उतरवायला काळा किंवा लाल ऑक्साइड. थेलो घराणं १९३० च्या दशकात बाजारात आलं आणि त्याची ताकद विलक्षण आहे. थेंबभर जास्त पडला तरी फिकी शेड सरळ पुदिन्याकडे पळते. म्हणून धुरकट छटा दोन वेळा दोन ठिकाणी बनवून घेतल्या की त्यांच्यात फरक पडण्याची शक्यता शेवाळीपेक्षा जास्त. ऑक्साइड मंद असतात, त्यांच्यात थेंबाची चूक पचून जाते.

डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या लेबलवर हे कलरंट आणि त्यांचं प्रमाण सांकेतिक अक्षरांत छापलेलं असतं. विकणाऱ्याला विचारलं तर तो अक्षरांचा अर्थ सांगतो. तेवढं विचारण्यात मोठा फायदा आहे, कारण पिवळा दोन तऱ्हांनी येतो. लोहाचा पिवळा उन्हात वर्षानुवर्षं टिकतो. स्वच्छ, लिंबासारखा पिवळा मिळवायला वापरले जाणारे काही सेंद्रिय पिवळे मात्र थेट ऊन पडणाऱ्या पट्ट्यात हळूहळू उडतात. पिवळा उडाला की मागे निळसर हिरवा राहतो, आणि खिडकीशेजारची भिंत इतर भिंतींपेक्षा थंड दिसू लागते. ऊन खाणाऱ्या भिंतीसाठी शेवाळी निवडायचा असेल तर तो ऑक्साइडवाला निवडावा. थोडा मळकट वाटेल, पण टिकेल.

आता मुख्य गोष्ट. कार्डावर जेमतेम कळणारा फरक खोलीत मोठा का होतो? सगळे सांगतात की भिंत मोठी असते म्हणून रंग गडद वाटतो. ते अर्धंच खरं. मोठं कारण असं की खोलीत भिंती एकमेकींना प्रकाश देतात. कार्डाच्या तुकड्यावरून प्रकाश एकदा उसळतो आणि डोळ्यात येतो. खोलीत तो एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर जातो आणि प्रत्येक उसळीला रंग त्याच्यातून आपला वाटा काढून घेतो. समजा शेवाळी भिंत हिरवा प्रकाश ५० टक्के आणि निळा ४० टक्के परतवते. एका उसळीनंतर हिरवा निळ्याच्या १.२५ पट. दुसऱ्या उसळीनंतर २५ विरुद्ध १६, म्हणजे जवळपास १.५६ पट. तिसऱ्यानंतर १.९५. निळा गळत जातो, पिवळेपणा साचत जातो. धुरकटात हेच लालच्या बाबतीत घडतं. लाल गळत जातो आणि निळसर हिरवा उरतो. दोघे एकाच ठिकाणाहून निघाले असले तरी प्रत्येक उसळीगणिक त्यांच्यातलं अंतर वाढतं.

यातून काही उपयोगी गोष्टी निघतात. एकाच भिंतीला रंग लावायचा असेल आणि बाकी तीन पांढऱ्या राहणार असतील तर रंग कार्डाच्या जवळ राहतो. चारही भिंतींना लावायचा असेल तर कार्डावर हवीहवीशी वाटणाऱ्या शेडपेक्षा एक पायरी राखाडी शेड घ्यावी. पायरी म्हणजे फिकी शेड नव्हे. पट्टीवर वर सरकून फिकी शेड घेतली तर रंग पांढरट होतो, हिरवेपणा तसाच राहतो. सरकायचं ते शेजारच्या जास्त करड्या पट्टीकडे. आणि अरुंद बोळात, जिन्यात, छोट्या न्हाणीघरात, जिथे भिंती समोरासमोर जवळ असतात, तिथे हा परिणाम सर्वांत जोरदार. न्हाणीघराच्या आरशात चेहरा आजारी दिसतो त्यातही याचाच हात असतो. चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशातला लाल भिंतींनी आधीच गिळलेला असतो.

प्रकाशाचा स्रोत बदलला की दोघांची वागणूक आणखी वेगळी होते. निरभ्र आकाशाचा, थेट ऊन नसलेला उजेड निळसर असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीतून बहुतेक वेळ हाच येतो. त्यात धुरकट जवळजवळ निळा-करडा दिसतो आणि लोक म्हणतात, आपण तर हिरवा निवडला होता. शेवाळी त्याच उजेडात सरळ, समतोल हिरवा दिसतो. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपार कलल्यावर ऊन पिवळं-नारिंगी होतं आणि शेवाळीचा पाय घसरून तो खाकीकडे जातो. तेव्हा धुरकटाचा निळेपणा निघून जाऊन तो छान मवाळ हिरवा होतो. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर आत येणारा उजेडच हिरवा असतो. तिथे दोन्ही शेड अपेक्षेपेक्षा हिरव्या दिसतात आणि करडेपणा वाढवून घ्यावा लागतो.

रात्रीचे दिवे हा वेगळा कारभार. दिव्याचा उजेड किती पिवळा किंवा निळा ते केल्विनमध्ये सांगतात, आकडा लहान तितका पिवळा. २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी शेवाळीला ऑलिव्हकडे ढकलतो, धुरकटाला करडा करतो. ४००० केल्विनला दोघे कार्डाच्या सर्वांत जवळ असतात. ६५०० ला धुरकट कार्यालयासारखा कोरडा होतो. पण केल्विन हा अर्धाच हिशेब आहे. बहुतेक पांढरे एलईडी हे निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातून पिवळा उजेड काढणारा थर, यांनी बनतात. निळ्याचं शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास, फॉस्फरचा फुगवटा पुढे, आणि मध्ये ४८० च्या आसपास खड्डा. निळसर हिरव्याचा सगळा जीव नेमका त्या खड्ड्याजवळ असतो. त्यामुळे स्वस्त दिव्याखाली धुरकट निर्जीव, सिमेंटसारखा दिसू शकतो, तर शेवाळीला तेवढा फटका बसत नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर हा त्रास कमी होतो. ८० च्या दिव्यांखाली धुरकट निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निवडायचाच असेल तर आधी दिवे बदलावे, मग भिंती.

याच कारणाने दुसऱ्या कंपनीची शेड 'मॅच' करून घेतानाही जपावं. यंत्र नमुन्यावरून रंगाचे आकडे वाचतं आणि आपल्याकडच्या कलरंटांमधून तसाच रंग जुळवतं. पण मूळ शेडमध्ये करडेपणा काळ्याने आणलेला असेल आणि नक्कलमध्ये लाल ऑक्साइडने, तर दिवसाच्या उजेडात दोन्ही हुबेहूब दिसून रात्री फुटून निघतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. राखाडी हिरवे या रोगाला फार लवकर बळी पडतात, कारण त्यांच्याकडे जायच्या वाटाच अनेक आहेत. मॅच करून घेतलेला तुकडा दुकानात तपासून उपयोग नाही, तो घरच्या दिव्याखाली तपासावा.

संध्याकाळची वेळ लोक चाचणीत सोडून देतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. उजेडात आपल्या डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळसर हिरव्याला असते. उजेड ओसरला की ती ५०७ कडे, निळसर हिरव्याकडे सरकते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दिवे लावण्याआधीच्या त्या अर्ध्या तासात धुरकट भिंत इतर गोष्टींच्या मानाने उजळ वाटू लागते आणि शेवाळी मंदावते, मळकट वाटते. ज्या घरात संध्याकाळी उशिरा दिवे लावायची सवय आहे तिथे शेवाळीबद्दल तक्रार येते ती याच वेळेची.

भिंतीच्या शेजारी काय आहे, हेही पाहायला हवं. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले भित्तीपट, बनवणाऱ्या कारखान्यातल्या निरीक्षणांवरून लिहिलं की शेजारचे रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. तांबूस लाकडाची चौकट धुरकटाला आणखी निळं करते. पण तांबडी फरशी असेल तर एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. तिच्या शेजारामुळे हिरवा जास्त हिरवा वाटतो, आणि तिच्यावरून उसळलेला तांबूस प्रकाश भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतला हिरवेपणा मारतो. म्हणजे एकाच भिंतीवर खाली करडा आणि वर हिरवा. रंग नीट बसला नाही असं वाटून रंगाऱ्याला तिसरा हात मारायला लावण्यात अर्थ नसतो, फरशी तशीच राहणार आहे.

पांढऱ्याची निवड याहून चुकीची होते. छत आणि चौकटीसाठी लोक डोळे मिटून निळसर, शुभ्र पांढरा घेतात. त्याच्या शेजारी शेवाळी घाणेरडा दिसतो. शेवाळीला दुधाळ, किंचित पिवळसर पांढरा लागतो. धुरकटाला शुभ्र चालतो, आणि मलईदार पांढरा दिला तर तो पांढराच जुना वाटायला लागतो. दारांना तेलाचा इनॅमल लावणार असाल तर लक्षात ठेवा, तो अंधाऱ्या जागी काही काळाने पिवळतो. भिंतीच्या धुरकट शेडचाच इनॅमल दाराला लावला तर हळूहळू दार शेवाळी होतं आणि भिंत धुरकट राहते. दारालाही पाण्याचा इनॅमल घेतला की हा प्रश्न येत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हिशेबानेच रंग निवडता येईल. नाही येत. हिशेब फक्त काय बघायचं ते सांगतो. बघण्यासाठी फळी रंगवावीच लागते.

थेट भिंतीवर ठिपके मारू नयेत. एक तर जुन्या रंगाच्या शेजारामुळे ते खोटे दिसतात. जुनी भिंत पिवळसर असेल तर प्रत्येक हिरवा निळा वाटतो. दुसरं, त्या ठिपक्यांच्या कडा नंतरच्या रंगातून वर दिसतात आणि घासून काढाव्या लागतात. त्यापेक्षा ६० बाय ६० सेंटीमीटरच्या पांढऱ्या हार्डबोर्डच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या फळ्या घ्या, प्रत्येक शेडसाठी दोन. प्लायवूड असेल तर आधी पांढरा प्रायमर, नाहीतर लाकडाचा रंग वर येतो. कडेने ५ सेंटीमीटर पांढरी किनार सोडायची, म्हणजे शेड शेजारच्या भिंतीपासून तुटलेली राहते. दोन हात, रोलरनेच, कारण ब्रशचे ओरखडे सावल्या पाडतात आणि रंग गडद भासतो. दोन हातांत चार तासांचं अंतर. एका फळीला दोन हातांचे मिळून साधारण ५० मिलिलिटर लागतात, दोन फळ्या आणि रोलरने प्यायलेला रंग धरून २०० ते २५० मिलिलिटरचा नमुना पुरतो. निर्णय किमान एक दिवस सुकल्यावर. ओला इमल्शन दुधट असतो, सुकला की गडद होतो, आणि त्या पहिल्या तासात घेतलेले निर्णय हमखास फिरवावे लागतात.

प्रत्येक शेडच्या दोन फळ्या कशाला? त्या खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभ्या करायच्या. तिथे त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि वर सांगितलेली उसळीची गंमत छोट्या प्रमाणात डोळ्यांसमोर घडते. आतल्या कोपऱ्यात जो रंग दिसतो, चार भिंती रंगवल्यावर खोली त्याच्याच आसपास जाते. एवढी एक युक्ती बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त कामाची आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात.

फळी नेहमी उभी ठेवायची. टेबलावर आडवी ठेवलेली फळी छताचा आणि खिडकीचा उजेड वेगळ्या कोनातून घेते आणि जास्त फिकी दिसते. दोन्ही शेड एकदाच शेजारी ठेवाव्यात, कोण पिवळा आणि कोण निळा ते ओळखण्यापुरतं. त्यानंतर एक खोलीबाहेर. शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना ढकलत राहतात आणि त्यांच्यातला फरक फुगतो. खोलीत तर एकच राहणार आहे. बघण्याआधी चार-पाच मिनिटं खोलीत नुसतं बसावं, डोळा त्या उजेडाला सरावू द्यावा. मग एकटक न बघता जाता-येता बघावं. फोनने काढलेले फोटो नातेवाइकांना पाठवून मतं मागवण्यात काही हशील नाही, कॅमेरा प्रत्येक वेळी पांढऱ्याचा तोल स्वतः ठरवतो. दोन्ही फळ्या एकाच फोटोत असतील तर त्यांच्यातला फरक तेवढा विश्वासार्ह. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना धुरकट जास्त हिरवा दिसत असेल तर त्यांचं ऐकावं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा अडवतं. त्यांच्या खोलीसाठी निवड त्यांच्या डोळ्यांनी व्हायला हवी.

सकाळ, दुपार, दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तास आणि दिव्याखाली, असं चार वेळा पाहायचं. आता प्रश्न काय विचारायचा? बहुतेक जण विचारतात, कोणता जास्त सुंदर दिसतो. दुपारी दोन्ही सुंदर दिसतात, त्यातून काही ठरत नाही. विचारावं ते असं की, आपल्या वाईट वेळेला कोणता कमी वाईट दिसतो. शेवाळी बिघडला तर खाकी, मळका होतो. धुरकट बिघडला तर निळा, थंड, दवाखान्यासारखा. दोन्हींपैकी कोणतं बिघडणं चालेल ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. आणि ती वाईट वेळ खोलीच्या वापराची वेळ आहे का, तेही बघायचं. फक्त रात्री वापरात असलेल्या झोपायच्या खोलीत दुपारचा रंग कितीही देखणा असला तरी तो बघायला कुणी नसतं.

शेड ठरली तरी चकाकी राहते. एकच शेड मॅटमध्ये आणि सॅटिनमध्ये वेगळी दिसते. मॅटचा खडबडीत पृष्ठभाग सगळीकडे पांढरा उजेड विखुरतो, म्हणून रंग फिका आणि करडा वाटतो. सॅटिन समोरून गडद आणि भरदार हिरवा, पण खिडकीच्या तिरप्या उजेडात पांढरी झळाळी देतो आणि प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. नमुना मॅटमध्ये पाहून काम सॅटिनमध्ये केलं तर ती तिसरीच शेड झाली. राखाडी हिरव्यांना मला मॅट किंवा अगदी मंद चकाकी जास्त शोभते असं वाटतं. स्वयंपाकघर-न्हाणीघरात धुता येणारी मॅट घ्यावी.

रंग घेताना सगळा एकदम घ्यावा. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली धरा. भिंतींचं क्षेत्र ४२ चौरस मीटर, दार-खिडकीचे ४ वजा केले की ३८. दोन हातांचे ७६. लिटरला १० चौरस मीटर धरले तर ७.६ लिटर, आणि थोडी भर घालून साडेआठ. एक-एक लिटरचे डबे टिंट करून घेण्यापेक्षा मोठा डबा बरा, थेंबभर चूक त्यात विरून जाते. डबे अनेक असतील तर एका मोठ्या बादलीत सगळे ओतून ढवळून परत भरावेत. एक डबा संपवून भिंतीच्या मध्यावर दुसरा उघडला तर धुरकटात जोड दिसतोच.

नव्या प्लास्टरला चार आठवडे तरी सुकू द्यावं. ताज्या सिमेंटचा क्षार रंगाच्या बाइंडरला, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या घटकाला, खातो आणि काही कलरंटांनाही, मग हिरव्यात पांढरट डाग उठतात. पुट्टीचे पॅच मारले असतील तर पूर्ण भिंतीला प्रायमर द्यावा, नुसत्या पॅचला नव्हे. पुट्टी रंग जास्त पिते आणि तिथे मॅट जास्त मॅट दिसतो. पांढऱ्या भिंतीवर लपणारे असले दोष ४०-५० एलआरव्हीच्या हिरव्यावर उघडे पडतात. ब्रशने आधी सगळ्या कडा काढून, त्या सुकल्यावर रोलर फिरवला तर भिंतीला गडद चौकट आल्यासारखी दिसते. एका भिंतीच्या कडा काढायच्या आणि त्या ओल्या असतानाच लगेच रोलर कडेपर्यंत न्यायचा, मग पुढची भिंत. मध्येच चहाला थांबायचं असेल तर कोपऱ्यावर थांबावं, भिंतीच्या मध्यावर नाही.

इतकं करूनही दोघांत निवड होत नसेल तर माझा कौल असा. निळसर उजेडाची, थंड फरशीची, दिवसा वापरायची खोली असेल तर शेवाळी. पश्चिमेच्या उन्हाची, तांबूस लाकडाची, पिवळ्या पण चांगल्या दिव्यांची असेल तर धुरकट. आणि उजेड दिवसभर बदलत राहणारी, दोन दिशांना खिडक्या असलेली खोली असेल तर ज्याचा करडेपणा जास्त तो, कल कुठलाही असो.

उरलेला रंग अर्धा लिटर तरी काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवावा, अर्ध्या रिकाम्या डब्यात त्यावर साय धरते. बरणीवर शेडचा क्रमांक, बेस, चकाकी, तारीख आणि लेबलवरचं कलरंटांचं प्रमाण उतरवून ठेवावं. पुढे डागडुजी करायची वेळ आली तर ठिपका ब्रशने न मारता त्याच जातीच्या छोट्या रोलरने मारावा. वर्षभर उलटून गेलं असेल आणि भिंतीवर ऊन पडत असेल तर ठिपका सोडून द्यावा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवावी.